जुना गोवा पाहताना

गोव्याला जाऊन आलो असे कुणी सांगितले, की आमच्या वऱ्हाडात पहिला प्रश्न येतो तो समुद्राचा. समुद्र पाहिला का? लाटेत उभे राहिलात का? मासोळी खाल्ली का? ते साहजिकच आहे. पूर्णा आणि काटेपूर्णा यांच्या आसपास वाढलेल्या माणसाला, ज्याच्या नद्या उन्हाळ्यात वाळूचे पट्टे होऊन पडतात, त्याला एवढ्या पाण्याची अपूर्वाई वाटणारच. पण या समुद्राच्या नादात होते काय, की पणजीपासून जेमतेम दहा किलोमीटरवर असलेले जुने गोवे आपण अर्ध्या तासात उरकून टाकतो. मोटार थांबते, दोन मोठी चर्चे पाहून होतात, फोटो निघतात, आणि मंडळी पुन्हा वाळूकडे वळतात.

हे स्थळ कसे पाहावे, तिथे काय शोधावे, आणि पाहताना मनात जो एक प्रश्न उभा राहतो त्याचे काय करावे, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

तो प्रश्न आमच्यापुढे मांडला आमच्या मामाजींनी. मामाजींचे सारे आयुष्य मूर्तिजापूर तालुक्यात विहिरी बांधण्यात गेले. दगड कुठला घ्यावा, चुना किती दिवस मुरवावा, सांधा कसा बसवावा, हे त्यांच्या बोटांना ठाऊक. गोव्यातल्या मुक्कामात दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या गोव्याला जायचे ठरले, तेव्हा मामाजी खाटेवरून हललेच नाहीत. म्हणाले, "कायले जाचं तिथं? ज्यायनं आपले देव पाडले, त्यायचे देव पाहाले?"

आता याला उत्तर काय द्यावे? प्रश्न खोटा नव्हता, आणि "तसे काही नाही हो" असे म्हणून त्यांची समजूत घालणे हे तर खरे बोलणे झाले नसते. शेवटी, बसायचे तर मोटारीत बसा, पण चला, एवढ्यावर ते तयार झाले.

मांडवी नदीच्या दक्षिण काठाने रस्ता जातो. डाव्या हाताला पाणी, पलीकडे दिवाडी बेट, आणि मग एकाएकी माडांच्या वर मनोरे दिसू लागतात. या ठिकाणी गाव असे फारसे नाही. मोठी मोठी चर्चे आहेत, त्यांच्याभोवती हिरवळ आहे, आणि मधे नुसती मोकळी जागा. नवख्या माणसाला वाटते, इतक्या जवळ जवळ एवढी प्रार्थनामंदिरे कुणासाठी बांधली असतील? याचे उत्तर असे, की ती मोकळी जागा हेच शहर होते.

या परिसरात कदंब राजांचे वैभव नांदले, पुढे बहमनी सत्ता आली, विजयनगरची आली, आणि पंधराव्या शतकाच्या शेवटी शेवटी विजापूरची आदिलशाही आली. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अफोन्सो द अल्बुकर्क याने हे शहर जिंकले. तो दिवस ख्रिस्ती पंचांगात संत कॅथरीनचा, म्हणून ती या शहराची रक्षक देवता झाली. पुढची शंभर वर्षे या बंदरातून मिरी, घोडे, रेशीम, मोती यांचा व्यापार चालला. ज्याने गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहण्याची गरज नाही, अशी म्हणच तेव्हा पडली होती.

मग हे शहर गेले कुठे? त्याला शत्रूच्या तोफांपेक्षा रोगराईने अधिक मारले. पटकी आणि हिवताप यांच्या साथी पुन्हा पुन्हा येत राहिल्या. इथला जांभा दगड सच्छिद्र, त्यातून घाण पाणी विहिरींत झिरपत असे, असे एक कारण सांगतात. शिवाय डच आले, इंग्रज आले, आणि व्यापार हातचा गेला. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले बिऱ्हाड पणजीला हलवले. १८४३ मध्ये पणजी ही रीतसर राजधानी झाली. घरे मोडली, त्यांचे चिरे दुसऱ्या बांधकामांना गेले, आणि जी मोडली नाहीत ती देवाची घरे तेवढी मागे राहिली. १९८६ साली युनेस्कोने गोव्यातील चर्चे आणि मठ यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

पहिल्याने पाहावे ते बॉम जेझूस, म्हणजे बाल येशूचे चर्च. याचा पाया १५९४ च्या नोव्हेंबरात घातला गेला आणि १६०५ च्या मे महिन्यात ते पूजेसाठी अर्पण झाले. गोव्यातली इतर चर्चे चुन्याने पांढरीशुभ्र, हे मात्र तांबडे, अंगावर कातडी नसल्यासारखे. याचे कारण असे, की १९५० च्या सुमारास याच्या बाहेरच्या भिंतींचा गिलावा खरवडून काढण्यात आला. आतला जांभा उघडा पडला, आणि तेच रूप आता लोकांच्या ओळखीचे झाले आहे. गोव्याच्या पावसात उघडा जांभा झिजतो, म्हणून पुन्हा गिलावा करावा अशी मागणी अलीकडच्या वर्षांत झाली आहे.

मामाजी मोटारीतच बसले होते. पण दगडाचा माणूस दगडाकडे पाहिल्यावाचून किती वेळ राहणार? थोड्या वेळाने पाहतो तो, दर्शनी भिंतीपाशी उभे राहून ते मान वर करून बघताहेत. मग त्यांनी एका खांबावर हात ठेवला आणि मला हाक मारली. "हा त आपला काया गोटा हाय!"

त्यांचे म्हणणे बरोबर होते. भिंत जांभ्याची, पण तिच्यावरचे खांब, अर्धखांब, कंगोरे आणि नक्षी काळ्या दगडाची आहे. जांभा कापायला सोपा, पण त्याच्यावर बारीक कोरीव काम टिकत नाही. म्हणून हा काळा दगड वसईहून जहाजाने आणला गेला. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्याच ताब्यात होती. आणि वसईचा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर जो लाव्हा पसरला त्याचाच एक भाग. आमच्या वऱ्हाडातल्या विहिरी ज्या दगडात खणल्या जातात, बार्शीटाकळीचे कालिकेचे जुने देऊळ ज्याचे घडले, त्याच जातीचा हा दगड. तांबडी सुर्ला येथील कदंबांच्या काळचे महादेवाचे देऊळही अशाच काळ्या दगडाचे आहे. म्हणजे गोव्यात बारीक काम करायचे तर काळा पाषाण हवा, हे पोर्तुगीज येण्याच्या आधीपासून इथल्या पाथरवटांना माहीत होते.

मामाजींनी टाकीचे घाव पाहिले, सांधे पाहिले, आणि काही न बोलता चपला काढायला वाकले. चर्चमध्ये चपला काढाव्या लागत नाहीत, हे त्यांना सांगावे लागले.

आत गेल्यावर समोर सोन्याच्या मुलाम्याची उंच वेदी दिसते. उजव्या अंगाला संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी आहे. हे जेझुइट पंथाचे धर्मोपदेशक ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले, आणि १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आणण्यात आला. समाधीचा संगमरवरी चबुतरा इटलीतील तस्कनीच्या ड्यूकने पाठवलेला. फॉजिनी नावाच्या शिल्पकाराने तो घडवला, आणि १६९८ मध्ये तो इथे उभा राहिला. पण त्याच्यावरची चांदीची पेटी मात्र त्याच्याही आधीची, १६३६-३७ मधली, आणि ती घडवली गोव्याच्याच सोनारांनी. खालचा दगड इटलीचा आणि वरची चांदी गोव्याची, हे लक्षात ठेवून ती पाहावी. दर दहा वर्षांनी ही पेटी दर्शनासाठी खाली उतरवतात. अगदी अलीकडे ती नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात उतरवली होती.

याच समाधीशी मराठ्यांच्या इतिहासातला एक प्रसंग जोडलेला आहे. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांनी गोव्याच्या अगदी दारातले जुवे बेट घेतले. त्यांना परतवायला गेलेल्या व्हाइसरॉयला जखमी होऊन मागे पळावे लागले. शहर आता जाणार, असे वाटून त्याने या चर्चमध्ये येऊन आपला राजदंड झेवियरच्या शवाजवळ ठेवला आणि राज्य त्याच्या हवाली केले. पुढे मोगलांची फौज कोकणात उतरू लागल्याने महाराजांना मागे फिरावे लागले. सत्तेचा मालक किती घाबरला होता, हे त्या समाधीपुढे उभे राहिले म्हणजे नीट कळते.

रस्ता ओलांडला की से कथेड्रल, संत कॅथरीनचे महामंदिर. याचे काम १५६२ मध्ये सुरू झाले, मुख्य इमारत १६१९ मध्ये झाली, आणि वेद्या पुऱ्या व्हायला १६५२ साल उजाडले. म्हणजे नव्वद वर्षे. पायाला हात लावणाऱ्या गवंड्याच्या नातवानेही ते अपुरेच पाहिले असेल. समोरून पाहिले तर इमारत एका अंगाने लंगडी वाटते. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, आणि तो पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात सुवर्णघंटा म्हणून प्रसिद्ध असलेली मोठी घंटा आहे.

घंटेवरून आठवले. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी आपापल्या देवस्थानांना वाहिल्या. नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळावर जी घंटा आहे, ती त्यातलीच, आणि भीमाशंकराला आहे तीही त्यातलीच. आमच्याकडे कितीतरी जणांनी या घंटा पाहिल्या आहेत, पण त्या मुळात चर्चच्या आहेत हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

यापुढची जागा मात्र चुकवू नये. बॉम जेझूसच्या पश्चिमेला एक टेकडी आहे. तिच्यावर संत ऑगस्टीनच्या चर्चचा एक मनोरा अर्धा उभा आहे, सुमारे ४६ मीटर उंचीचा, सगळा जांभ्याचा. हे चर्च १५९७ ते १६०२ या काळात बांधले गेले. १८३० नंतरच्या दशकात पोर्तुगाल सरकारनेच धार्मिक संघांचे मठ बंद केले, साधूंना घालवून दिले, आणि हा मठ ओस पडला. १८४२ मध्ये छप्पर खाली आले, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा ढासळला. इमारत पडते ती पुष्कळदा शत्रूमुळे नव्हे, तर छपरावरचे झुडूप वेळेवर न उपटल्यामुळे पडते, हे मामाजींचे बोल इथले. या मनोऱ्यातली घंटा १८७१ पासून पणजीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या पांढऱ्या चर्चवर वाजते आहे.

या पडक्या मठात एक नवलाची गोष्ट सापडली. जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिने धर्म सोडला नाही म्हणून इराणच्या शहाने १६२४ मध्ये तिला शिराज येथे छळ करून मारले. तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टीन पंथाच्या साधूंनी गोव्यात आणून या मठात ठेवला होता. उत्खननात सापडलेल्या अस्थींची तपासणी हैदराबादच्या प्रयोगशाळेत झाली, त्या तिच्याच असाव्यात असा निर्वाळा २०१३ मध्ये मिळाला, आणि २०२१ साली भारत सरकारने त्या जॉर्जियाला भेट दिल्या. धर्मासाठी छळ सोसलेल्या एका स्त्रीच्या अस्थी या गावात जपल्या गेल्या, आणि त्याच गावात त्याच वेळी दुसऱ्या काही माणसांचा धर्मासाठी छळ चालू होता.

ही दुसरी गोष्ट झाकून चालणार नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले. मधली थोडी वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालले. त्याची इमारत से कथेड्रलजवळच होती. आज तिथे काही उरलेले नाही. त्याच्याही आधी, १५४० च्या सुमारास, तिसवाडीतली देवळे पाडली गेली, पुढे बारदेश आणि साष्टीतली. लोकांनी काय केले? रात्री-अपरात्री देव उचलले आणि नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे नेले. तिकडे तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल नव्हता. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला.

म्हणून आमचे सांगणे असे, की जुन्या गोव्याची यात्रा चर्चपाशी संपवू नये. तिथून एक वाट होडीने दिवाडी बेटावर जाते. त्या बेटावर कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर होते. त्याच्यावर आधी बहमनींचा आणि मग पोर्तुगीजांचा घाला पडला. देव पलीकडच्या काठावर नार्वे गावी गेला, आणि तिथे १६६८ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. तसा शिलालेख दारावर आहे. दुसरी वाट फोंड्याच्या देवळांकडे जाते. कवळ्याच्या शांतादुर्गेचे आजचे देऊळ अठराव्या शतकातले, शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या प्रयत्नाने उभे राहिलेले.

इथे आल्यावर मात्र डोळे नीट उघडे ठेवावेत. मंगेशीची सात मजल्यांची अष्टकोनी दीपमाळ पाहा, शांतादुर्गेचा घुमट पाहा, खिडक्यांवरच्या अर्धगोल कमानी पाहा, आत टांगलेली काचेची झुंबरे पाहा. हे आमच्याकडच्या हेमाडपंती देवळांसारखे नाही. सकाळी जुन्या गोव्यात जे पाहिले, त्याच्याशी याचे नाते आहे. जे देव चर्चवाल्यांच्या भीतीने पळून आले, त्यांची घरे बांधताना लोकांनी चर्चच्याच कमानी आणि घुमट उचलले. आणि तिकडे चर्चमध्ये? हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती घडवू नयेत, असा ठराव १५६७ मध्ये तिथल्या धर्मसभेला करावा लागला. मनाई करावी लागते तेव्हा ते काम चालू असते, हे सांगायला नको. वेदीवरच्या देवदूतांचे गुबगुबीत गाल आणि वेलबुट्टीतली पाने पाहिली की हात कुणाचे होते ते ध्यानात येते.

भाषेचेही असेच झाले. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि १६१६ मध्ये राशोल येथे त्याचे क्रिस्तपुराण छापून निघाले. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि त्या मराठीत. ज्ञानदेव-नामदेवांची ओवी ऐकत आलेल्या लोकांना येशूची कथा सांगायची, तर ती ओवीतच सांगायला हवी, हे त्याने ओळखले. पुस्तक छापले रोमन अक्षरांत, पण वाचू लागावे तर कानाला आपलीच बोली लागते. मराठीच्या अभ्यासकांनी ते आपल्या वाङ्मयात केव्हाच घेतले आहे.

तेव्हा मामाजींच्या प्रश्नाला उत्तर काय? ज्यांनी देव पाडले त्यांचे देव पाहायचे का? आमचे मत असे, की पाहायचे, आणि पाडलेल्या देवळांची आठवण बरोबर घेऊनच पाहायचे. नुसते चर्च पाहून भारावून जाणाऱ्याने अर्धाच गोवा पाहिला, आणि रागाने मोटारीत बसून राहणाऱ्यानेही अर्धाच. हुकूम लिस्बनहून आले, पण दगड वाहिला, चुना मळला, लाकूड कोरले, चांदी ठोकली ती इथल्या माणसांनी. त्यांच्यापैकी कितीकांची देवळे त्याच काळात पडत होती. त्यांचे नाव कुठल्याही पाटीवर नाही. त्यांचे काम आपण पाहिले नाही, तर मग ते कोण पाहणार?

जाणाऱ्यांसाठी दोन-चार सूचना. मूर्तिजापूर, अकोला, बडनेरा इकडच्या प्रवाशाला मुंबईच्या बाजूला उतरून कोकण रेल्वेने जाणे सोयीचे. या मार्गावरचे करमळी हे स्टेशन जुन्या गोव्याला अगदी जवळ आहे. एक पूर्ण दिवस ठेवावा. सकाळी चर्चे, दुपारी फेरीबोट किंवा फोंडा. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालते, त्या वेळी आपल्या देवळात आरतीच्या वेळी जसे वागतो तसे वागावे. ३ डिसेंबरला झेवियरचा सण असतो, तेव्हा गर्दी फार, आणि तिच्यात सगळ्या धर्मांची माणसे दिसतात. अंगभर कपडे असावेत, देवळांतही आणि चर्चमध्येही. आणि शक्य तर बरोबर एखादा गवंडी, सुतार किंवा सोनार न्यावा. तो जे दाखवील ते माहितीच्या पाटीवर सापडणार नाही.

परत आल्यावर एकदा मामाजींबरोबर आमच्या शकुंतलेच्या वाटेवर फिरायला गेलो होतो. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारा हा अरुंद रूळ. वऱ्हाडचा कापूस बंदराकडे आणि तिथून विलायतेकडे नेण्यासाठी इंग्रजी कंपनीने तो टाकला. १९९४ पर्यंत त्याच्यावर वाफेचे इंजिन धावत होते. आता गाडी बंद आहे आणि रुळांत गवत माजले आहे. एका छोट्या मोरीपाशी मामाजी थांबले. काठी बाजूला ठेवून खाली उतरले, कमानीच्या काळ्या दगडावरून हात फिरवला, सांध्यात नख घालून पाहिले.

"चुना बरा हाय अजून," ते म्हणाले. मग वर उगवलेले पिंपळाचे एक रोप त्यांनी मुळासकट उपटून टाकले.